चित्रावरून कथा आणि परीक्षकाचा निकष : १९२६-२७ मधील एका अमेरिकन स्पर्धेचा विचार

न्यूयॉर्कहून प्रसिद्ध होणाऱ्या 'अमेझिंग स्टोरीज' या मासिकाच्या डिसेंबर १९२६ च्या अंकाचे मुखपृष्ठ एका बाबतीत नेहमीहून निराळे होते. आतील एखाद्या कथेतला ठळक प्रसंग मुखपृष्ठावर रंगवावयाचा, हा अशा मासिकांचा रूढ प्रघात. परंतु या अंकातील चित्राला कथाच नव्हती. परक्या भूमीवर अधांतरी तरंगणारा एक प्रचंड गोल, त्या गोलाने उचलून धरलेले एक महासागरगामी जहाज आणि तो देखावा पाहणारे काही मानवसदृश जीव, असे ते चित्र होते. चित्रकार फ्रँक पॉल यांचे. हे जहाज तेथे कसे आले, हे वाचकांनीच कथा लिहून सांगावे, असे संपादक ह्यूगो गर्न्सबॅक यांनी आवाहन केले आणि त्यासाठी एकूण ५०० डॉलरांची पारितोषिके जाहीर केली. पहिले २५० डॉलरांचे, दुसरे १५० चे, तिसरे १०० चे. तीनशे साठांहून अधिक कथा आल्या. पारितोषिकप्राप्त तीन कथा जून १९२७ च्या अंकात छापल्या गेल्या. उल्लेखनीय ठरलेल्या धरून एकूण सात कथांना पुढे त्या मासिकात जागा मिळाली. म्हणजे साधारणपणे पन्नासांतून एक.

विज्ञानकथेच्या इतिहासात या स्पर्धेची नोंद बहुधा एक गंमत म्हणून, एखाद्या तळटीपेपुरती होते. वाङ्मयाच्या परीक्षणाचा इतिहास पाहू जाणाऱ्यास मात्र ती अधिक मोलाची वाटावी. एकाच चित्रावरून शेकडो हौशी लेखकांनी लिहावे, त्यांतून निवड करावयाची वेळ परीक्षकावर यावी, आणि त्याने आपल्या निवडीची कारणे छापून ठेवावीत, हा योग वारंवार येत नाही. ती कारणे वाचली असता असे दिसते की, ज्या चित्राच्या पायावर स्पर्धा उभी होती ते निकालाच्या वेळी बाजूला पडले आणि त्याची जागा दुसऱ्याच एका गोष्टीने घेतली.

चित्र आधी आणि मजकूर मागाहून, ही रीत गर्न्सबॅक यांनी शोधून काढली असे मुळीच नाही. इंग्लंडात १८२० नंतरच्या दोन दशकांत वर्षारंभी भेट म्हणून देण्याच्या सुशोभित वार्षिकांचे मोठे पेव फुटले होते. पोलादी पत्र्यावर कोरलेली नाजूक चित्रे हे त्या वार्षिकांचे खरे आकर्षण. चित्रे तयार असत आणि लेखकांना ती पाठवून त्यांवर कथा वा कविता मागविली जाई. 'फ्रँकेन्स्टाइन'ची लेखिका मेरी शेली हिने 'द कीपसेक' या वार्षिकासाठी अशा चित्रांना जुळणाऱ्या कथा लिहिल्या. लेटिशिया लँडन हिच्याकडे तर १८३२ पासून 'फिशर्स ड्रॉइंग रूम स्क्रॅपबुक' हे संपूर्ण वार्षिकच सोपविलेले होते. त्यातील चित्रांवर ती कविता लिही. या चित्रांत रॉबर्ट एलियट या नौदल अधिकाऱ्याने हिंदुस्थानात केलेल्या रेखाटनांवरून कोरलेली काही होती. वेरूळच्या रामेश्वर लेण्यातील अस्थिपंजर मूर्तींच्या समूहावर लँडनची कविता आहे, हे महाराष्ट्रातील वाचकांस कदाचित नवे वाटेल. तिने हिंदुस्थान कधीही पाहिला नाही. समोर होते ते केवळ चित्र, आणि छापखान्याची मुदत.

या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण डिकन्सचे. विनोदी चित्रकार रॉबर्ट सेमूर याच्या शिकारीवरील चित्रमालिकेला जोड म्हणून मजकूर लिहावा, या अटीवर चॅपमन आणि हॉल या प्रकाशकांनी चोवीस वर्षांच्या डिकन्सला बोलाविले. १८३६ च्या मार्चअखेरीस 'पिकविक'चा पहिला भाग निघाला. एप्रिलमध्ये सेमूरने आत्महत्या केली; त्यानंतर दर भागातील चित्रांची संख्या चारावरून दोनावर आली, मजकुराची पाने वाढली आणि चित्र कथेच्या मागून चालू लागले. कथेने चित्रावर मिळविलेला हा ताबा इंग्रजी कादंबरीच्या इतिहासात मोठ्या परिणामांचा ठरला.

परंतु वार्षिके काय किंवा 'पिकविक' काय, तेथे लेखक नेमलेला होता. एका चित्रावर एकच लेखक लिही. त्यामुळे त्याने चित्राचा अर्थ अधिक चांगला लावला की दुसऱ्याने, हा प्रश्न उद्भवतच नव्हता. तुलना नाही तेथे परीक्षकही नाही. १९२६ च्या स्पर्धेने हीच एक गोष्ट बदलली.

ती बदलण्याची कारणे उदात्त नव्हती, व्यावसायिक होती. गर्न्सबॅक मूळचे लक्झेंबर्गचे. जन्म १८८४ चा. १९०४ साली ते अमेरिकेत आले, रेडिओचे सुटे भाग विकण्याच्या धंद्यात शिरले आणि त्या धंद्याला पूरक म्हणून तांत्रिक मासिके काढू लागले. एप्रिल १९२६ मध्ये त्यांनी केवळ विज्ञानाधिष्ठित कथांना वाहिलेले 'अमेझिंग स्टोरीज' सुरू केले. अशा कथांना ते 'सायंटिफिक्शन' म्हणत. शब्द ओबडधोबड होता आणि टिकलाही नाही. प्रारंभीचे अंक व्हर्न, वेल्स आणि पो यांच्या पुनर्मुद्रित कथांवर भागविले गेले. पुनर्मुद्रणाची विहीर केव्हातरी आटणार हे उघड होते. या प्रकारात नव्याने लिहू शकणारे लेखक तर मोजकेच होते. तेव्हा वाचकांतूनच लेखक काढावयाचे, हा स्पर्धेमागील हिशेब होता.

रकमांकडे पाहिले म्हणजे स्पर्धेचे आकर्षण ध्यानात येते. एरवी मानधनाच्या बाबतीत गर्न्सबॅक यांचा हात अत्यंत आखडता असे. सप्टेंबर १९२७ च्या अंकात त्यांनी एच. पी. लव्हक्राफ्ट यांची 'द कलर आउट ऑफ स्पेस' ही कथा छापली. आज ती त्या मासिकातील श्रेष्ठ कथांत गणली जाते. तिच्यासाठी लव्हक्राफ्ट यांच्या हाती पडले २५ डॉलर, आणि तेही बराच तगादा लावल्यानंतर! स्पर्धेतील तिसऱ्या पारितोषिकाची रक्कम याच्या चौपट होती.

आता प्रत्यक्ष परीक्षणाकडे वळावयाचे. सर्वांना एकच चित्र दिल्याने परीक्षकाचे काम सोपे होते, असे प्रथमदर्शनी वाटते. विषय समान, म्हणून विषयाच्या नावीन्याचे गुण कोणालाच द्यावयाचे नाहीत. उरते ती केवळ मांडणी. विचार केला असता स्थिती इतकी सरळ नाही, हे दिसून येते. चित्र हा कथेचा विषय नसतो. ते कथेतील एका क्षणाचे दर्शन असते. त्या क्षणापूर्वी काय घडले आणि त्यानंतर काय होणार, याविषयी ते मुग्ध असते. त्यामुळे लेखकापुढील खरी अडचण कार्यकारणाची असते. दिलेला क्षण कथेत अटळपणे यावा लागतो. तो नुसता कोठेतरी येऊन गेला तर चित्राचे देणे फिटते, परंतु कथा चित्रातून उगवली असे म्हणता येत नाही. एखादी आधीच मनात असलेली कथा घ्यावयाची आणि तिच्यात चौथ्या पानावर गोल, जहाज व बघे आणून बसवावयाचे, ही पळवाट अशा स्पर्धेत सर्वांस खुली असते. उलट, चित्रातील प्रत्येक रेघेचा हिशेब देण्याच्या भरात कथेचे रूपांतर खुलाशात होण्याचे भयही तितकेच असते. पहिल्यात चित्राचा अवमान होतो, दुसऱ्यात कथेचा. परीक्षकाने अधिक दोषी कोणास धरावे?

पॉल यांच्या चित्रात हा पेच विशेष तीव्र होता. गोल हे अवकाशयान आहे असे म्हटले की त्याचा खुलासा झाला. मानवसदृश जीव हे परग्रहावरील रहिवासी, हेही सहज सुचण्यासारखे. अडते ते जहाजापाशी. अवकाशात उडू शकणाऱ्या प्राण्यांना पृथ्वीवरील जहाज कशाला हवे? ते त्यांच्या काही उपयोगाचे नाही. चित्राच्या मध्यभागी असलेली ही वस्तूच त्यातील सर्वांत निरर्थक वस्तू आहे, आणि कथाकाराची कसोटी नेमकी तेथे लागते.

तिसरे पारितोषिक मिळविणाऱ्या 'द फेट ऑफ द पोसायडोनिया' या कथेने या प्रश्नाला दिलेले उत्तर मुद्दाम पाहण्यासारखे आहे. कथेचा निवेदक जॉर्ज ग्रेगरी एका प्राध्यापकाच्या घरी मंगळ ग्रहावरील व्याख्यानास जातो. तेथे त्याला मार्टेल नावाचा एक अनोळखी गृहस्थ भेटतो. त्याची छाती अवाढव्य आणि हातपाय काटकुळे. पहिल्या दृष्टिभेटीतच निवेदकाच्या मनात त्याच्याविषयी तिटकारा उत्पन्न होतो. पुढे जगभर समुद्राची पातळी एकाएकी खाली जाते. वाळत चाललेल्या मंगळाचे रहिवासी पृथ्वीवरील पाणी पळवीत आहेत आणि मार्टेल हा त्यांचा हस्तक आहे, हे निवेदकास कळून चुकते. पण त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. 'पोसायडोनिया' हे जहाज त्याच्या प्रेयसीसह नाहीसे होते आणि निवेदकाची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते. मंगळावर नेल्या गेलेल्या प्रेयसीचा संदेश त्याला मिळतो तोही तेथेच.

जहाजाच्या प्रश्नाचा निकाल येथे कसा लागला ते पाहावे. मंगळवासीयांना जहाज नको होते, पाणी हवे होते. चोर घागर उचलतो तेव्हा घागरीतील मासाही जातो, तसे ते जहाज गेले. चित्रात जे मध्यवर्ती दिसते ते कारस्थानाच्या दृष्टीने गौण ठरते. आणि त्या एका कल्पनेतून चित्रात कोठेही नसलेल्या गोष्टी, म्हणजे ओसरणारे समुद्र, तहानलेला ग्रह, पृथ्वीवर वावरणारा हेर, आपोआप निष्पन्न होतात. शिवाय निवेदक अशा जागी ठेवला आहे की चित्रातील दृश्य त्याच्या हाताबाहेरच राहावे. ते रोखण्याची शक्ती त्याला नाही आणि ते सांगितले तर पदरी वेडाचा शिक्का येतो. चित्र पाहणाऱ्या प्रेक्षकाची स्थितीही याहून फारशी वेगळी नसते. कथेची भाषा सामान्य आहे, निवेदकाचा आकस कारणापूर्वीच उपजतो, आणि मंगळवासीयांच्या काळसर वर्णाचे जे वर्णन येते त्यात तत्कालीन अमेरिकन समाजातील वर्णविषयक भीती स्पष्टपणे डोकावते. हे दोष लहान नाहीत. तथापि, चित्राशी इमान राखूनही त्याचे दास न होणे ही जी या प्रकारातील मुख्य अपेक्षा, ती या कथेने पुरी केली आहे.

पहिले पारितोषिक सिरिल वेट्स यांच्या 'द व्हिजिटेशन' या कथेला मिळाले आणि दुसरे जॉर्ज फॉक्स यांच्या 'दि इलेक्ट्रॉनिक वॉल'ला. वेट्स हे कॅनडातील एडमंटनचे, विख्यात गिर्यारोहक. जॅस्पर राष्ट्रीय उद्यानातील गिर्यारोहकांच्या एका निवाऱ्याच्या नावात त्यांचे नाव आहे, आणि आज ते ओळखले जातात ते त्यामुळे, कथेमुळे नव्हे. तिसऱ्या पारितोषिकाच्या मानकरी क्लेअर विंगर हॅरिस (१८९१–१९६८) यांची एक कथा जुलै १९२६ मध्ये 'वीअर्ड टेल्स'मध्ये येऊन गेली होती. टोपणनावाचा वा आद्याक्षरांचा आडोसा न घेता, स्वतःच्या नावाने विज्ञानकथेच्या मासिकांत लिहिणारी पहिली स्त्री, असे त्यांचे स्थान सामान्यतः मानले जाते.

त्यांच्या कथेच्या आरंभी संपादकांनी छोटी टिपणी जोडली आहे, आणि परीक्षणाच्या इतिहासात खरे महत्त्व आहे ते या टिपणीला. तिचा आशय असा : तिसरे पारितोषिक एका स्त्रीला मिळावे हे स्पर्धेतील एक आश्चर्यच होय, कारण शास्त्रीय विषयांतील शिक्षण आणि एकंदर कल या दोन्ही बाबतींत स्त्रिया बहुधा मर्यादित असल्याने त्या या प्रकारच्या कथा चांगल्या लिहीत नाहीत, परंतु अपवादाने नियम सिद्ध होतो, आणि येथील अपवाद विलक्षण प्रभावी आहे. यानंतर टिपणी कथेकडे वळते. कथा मोहक आहे, कारण तिच्यावर शास्त्राचे ओझे लादलेले नाही. जे शास्त्र आहे ते संभवनीय वाटते. लेखणी ओघवती असून शेवटच्या ओळीपर्यंत जिज्ञासा टिकते. लेखिकेने आणखी लिहावे.

या काही ओळींत दोन परीक्षणे एकमेकांत गुंतली आहेत. उत्तरार्धातील निकष कथेचे आहेत : शास्त्राचे प्रमाण, संभवनीयता, ओघ, उत्कंठा. ते चांगले निकष आहेत. विशेषतः शास्त्राच्या ओझ्याविषयीचा अभिप्राय ज्या संपादकाने कथेतून शास्त्र शिकविण्याचा सतत आग्रह धरला त्याच्याकडून यावा, हे त्याच्या रसिकतेला भूषणावहच आहे. पूर्वार्धातील निकष मात्र कथेचा नाही, लेखिकेचा आहे. त्यातील तर्कही तपासून घेण्याजोगा आहे. प्रतिकूल पुरावा समोर आला असता नियमाची फेरतपासणी व्हावयास हवी. येथे पुराव्यालाच अपवाद म्हटले गेले आणि नियम अधिक बळकट झाला. शास्त्रनिष्ठेचा पुरस्कार करणाऱ्या मासिकात हे छापले जावे, यातील विसंगती तत्कालीन संपादकास जाणवली नसावी. आणि चित्र? टिपणीत त्याचा मागमूस नाही. जहाजाचा पेच लेखिकेने कसा सोडविला याविषयी परीक्षक एक शब्दही काढीत नाही. चित्र आहे म्हणून तीनशे साठ कथा एका तराजूत घालता आल्या. वजन करावयाच्या वेळी मात्र तराजूत लेखिका बसली.

लेखकालाच पारखावयाचे, हे जेथे उघडपणे मान्य असते असे क्षेत्र याच चित्रकथेतून थोड्याच वर्षांनी निर्माण झाले. १९३५ साली हार्वर्ड येथील क्रिस्तियाना मॉर्गन आणि हेन्री मरे या मानसशास्त्रज्ञांनी संदिग्ध चित्रे दाखवून त्यांवर कथा सांगावयास लावण्याची एक कसोटी मांडली. भारतात सैन्याधिकाऱ्यांच्या निवडीत चित्रावरून कथा लिहविण्याची पद्धत आहे, ती याच कुळातली. तेथे कथा बरी की वाईट हा प्रश्नच गैरलागू असतो. कथेच्या फटीतून सांगणाऱ्याचे मन पाहावयाचे असते. ती रीत तेथे योग्य आहे, कारण तेथे पारितोषिक कथेला नसते. गर्न्सबॅक यांच्या टिपणीत या दोन भूमिकांची सरमिसळ झाली आहे.

लेखकाच्या नावाचा पारड्यावर पडणारा हा भार मराठीत एका प्रसंगी अगदी उलट्या दिशेने अनुभवास आला. मराठी विज्ञान परिषदेने (स्थापना १९६६) घेतलेल्या विज्ञानकथा-स्पर्धेत १९७४ साली 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने वाचली असता जयंत विष्णू नारळीकर हे नाव हाती येते. जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ म्हणून परीक्षकांनी झुकते माप देऊ नये यासाठी नारळीकरांनी (१९३८–२०२५) नाव पालटले, इतकेच नव्हे तर हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नीकडून लिहवून घेतली. ती स्पर्धा चित्रावर आधारलेली नव्हती. परंतु हॅरिस यांच्या बाबतीत जे घडले त्याशेजारी हा प्रसंग ठेवून पाहण्यासारखा आहे. एकाला नावाचा लाभ नको होता. दुसरीला नावाची तूट सोसावी लागली. ज्याच्याजवळ मोठे नाव आहे त्याला ते दडविण्याची सोय असते, हेही येथे ध्यानात घेतलेले बरे.

स्पर्धेचा व्यावसायिक हेतू सफल झाला, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. १९२९ च्या प्रारंभी गर्न्सबॅक यांची कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि 'अमेझिंग स्टोरीज' त्यांच्या हातून गेले. त्याच वर्षी त्यांनी 'सायन्स वंडर स्टोरीज' काढले आणि नोव्हेंबरच्या अंकात पॉल यांच्याच मुखपृष्ठावर पुन्हा तशीच स्पर्धा लावली. या खेपेस जहाजाऐवजी आयफेल मनोरा उचलला गेला होता. मार्च १९३० च्या अंकात जॉन पिअर्स नावाच्या विशीतल्या विद्यार्थ्याची पहिली कथा छापून आली. हाच तरुण पुढे बेल प्रयोगशाळेत दळणवळणाच्या उपग्रहांच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक झाला आणि 'ट्रान्झिस्टर' हे नावही त्यानेच सुचविले.

हॅरिस यांच्याकडून आणखी कथा मिळाव्यात ही संपादकीय अपेक्षाही फळाला आली. 'द मिरॅकल ऑफ द लिली' (एप्रिल १९२८) धरून त्यांच्या अनेक कथा 'अमेझिंग'मध्ये व गर्न्सबॅक यांच्या नव्या मासिकांत आल्या. १९३० नंतर त्यांचे कथालेखन जवळजवळ थांबले. निवडक कथांचा 'अवे फ्रॉम द हिअर अँड नाऊ' हा संग्रह १९४७ मध्ये निघाला. पुढे २००६ साली जस्टिन लार्बलेस्टियर यांनी विसाव्या शतकातील स्त्रीलिखित विज्ञानकथांचा 'डॉटर्स ऑफ अर्थ' हा सटीक संग्रह संपादित केला, त्यातील पहिली कथा 'द फेट ऑफ द पोसायडोनिया' ही आहे. पहिल्या आणि दुसऱ्या पारितोषिकाच्या कथा आज जुन्या अंकांच्या संग्राहकांखेरीज क्वचितच कोणी वाचीत असेल.

मध्यंतरीची एक लहानशी घटना राहिली. ऑगस्ट १९३१ च्या 'वंडर स्टोरीज'मध्ये हॅरिस यांचे एक पत्र छापलेले आहे. विज्ञानकथेत आढळणाऱ्या मूळ कल्पनांची त्यांनी त्यात सोळा प्रकारांत विभागणी केली आहे : ग्रहांतरीचा प्रवास, अन्य जगांतील साहसे, कृत्रिम जीवाची निर्मिती, इत्यादी. या वाङ्मयप्रकाराचे वर्गीकरण करण्याच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांत त्या पत्राची गणना होते. मासिकाचे संपादक तेव्हाही ह्यूगो गर्न्सबॅक हेच होते.